उजव्या मुठीवरचा मणी

मित्रांनो, मी एक थकलेला हार्नेस आहे, आणि आधीच सांगतो, माझ्याकडे मिरवावं असं फारसं काही नाही. जे मिरवलं त्याचीच आज लाज वाटते.

हार्नेस म्हणजे काय, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. डोंगरमाथ्यावरून धावत सुटायचं, डोक्यावर कापडी पंख उभा करायचा आणि हवेत तरंगत खाली यायचं, याला पॅराग्लायडिंग म्हणतात. त्या पंखाच्या दोऱ्या ज्याला जोडतात आणि उडणारा ज्यात बसतो, ती पट्ट्यांची आणि बकलांची खुर्ची म्हणजे मी. पंख सगळ्यांना दिसतो, फोटोतही तोच येतो. मी खाली असतो. पण माणूस बसलेला असतो तो माझ्यावर, सगळा भार टाकून, निर्धास्त.

मला ओक्तायनं घेतलं. ओक्ताय तुर्कस्तानातल्या ओलुदेनिझ गावचा पायलट. दिवसभर पाहुण्यांना बाबादाग डोंगराच्या माथ्यावरून खाली समुद्रकिनाऱ्यावर आणायचा, त्यासाठी त्याचा दोघांचा मोठा हार्नेस वेगळा होता. मी त्याच्या हौसेचा. काम संपलं की तो मला पाठीवर टाकून एकटा वर जायचा. मला घरी आणलं त्या दिवशी त्याच्या आईनं, सादेतबाईंनी, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"काळा? सगळ्या दुकानात तुला काळाच मिळाला?"

"आई, काळा मळत नाही."

"तू मळतोस ते पुरे आहे."

दुकानातून आणला आणि घातला, असं आमचं नसतं, मित्रांनो. माझ्या दोन्ही कुशींत एकेक कप्पा आहे. प्रत्येकात एक राखीव छत्री घडी करून ठेवायची असते. वरचा पंख मिटला, दोऱ्यांत गुंतला, तर कप्प्याबाहेरची लाल मूठ ओढायची. मुठीच्या पिना सुटतात, झाकणं उघडतात, छत्रीची पिशवी हाताबरोबर बाहेर येते, आणि ती जोरानं लांब भिरकावायची. छत्री फुलते आणि माणूस वाचतो. एक अडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून दोन.

त्या छत्र्या माझ्यात बसवल्या हिकमतनं. हिकमत म्हणजे किनाऱ्यावरच्या पायलट लोकांचा थोरला भाऊ. टक्कल पडलेला, सारखा चहा लागणारा, आणि कुणाचंही कौतुक करायचं म्हटलं की ज्याच्या पोटात दुखतं असा. त्यानं छत्र्या आधी दिवसभर उघड्या टांगून ठेवल्या, मग लांब टेबलावर पसरून एकेक घडी हातानं दाबत गोळा केल्या. त्यांचे पट्टे माझ्या खांद्याच्या कड्यांना जोडले आणि जोडलेले परत ओढून पाहिले. ओक्तायला राहवत नव्हतं.

"हिकमत दादा, किती वेळ लावतोस! वारा काय मस्त आहे बाहेर."

"वारा उद्याही येईल रे. तू आलास म्हणजे झालं."

मग त्यानं मला तुळईला टांगलं, ओक्तायला माझ्यात बसवलं आणि म्हणाला, "ओढ उजवी." ओढली, पिशवी अलगद बाहेर आली. "ओढ डावी." तीही आली. टांगून, बसून ओढल्याशिवाय खरं कळत नाही, हे हिकमतचं म्हणणं. नुसता टेबलावर ठेवलेला हार्नेस वेगळा आणि माणसाच्या वजनानं ताणलेला वेगळा. त्यानं सगळं पुन्हा बांधलं आणि बोट रोखलं.

"दर उड्डाणाआधी पिनांवरचं हे फडकं वर करायचं आणि पिना बघायच्या. हात फिरवून चालणार नाही, डोळ्यांनी बघायचं. ऐकतोयस का?"

"ऐकतोय, दादा."

"ऐकतोयस ते दिसतंय. बघणार आहेस का ते बोल."

आणि ओक्ताय बघायचा, हे मी कबूल करतो. पहिली काही वर्षं तो शहाण्यासारखा वागला. पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, कड्यांची कुलपं, हेल्मेट, आणि शेवटी दोन्हीकडची फडकी वर करून पिना. मग वाऱ्याकडे तोंड, आणि धाव. संध्याकाळी पायलट लोक चहा पीत बसले की मला शेकोटीपासून लांब ठेवायचा, उन्हात तासन्‌तास टाकायचा नाही. "ह्याच्यात बसलं की घरी बसल्यासारखं वाटतं," असं म्हणायचा. ते ऐकून मी फुलून जायचो.

मग तो वसंत आला. मोसम नुकताच सुरू झाला होता, आणि शेजारच्या गावातला एक पायलट पडून पाय मोडून बसला. त्यात सादेतबाईंच्या शेजारणी येऊन म्हणाल्या, "तुझा ओक्ताय काय उडतो गं, पक्षी आहे पक्षी!" झालं. कौतुक म्हणजे नजर लागलीच. तुमच्याकडे कुणी बाळाचं फार कौतुक केलं की आई पदराआड लपवते ना, तसंच. सादेतबाईंचं काळीज धडधडायला लागलं.

त्या रजया शिवायच्या. पंचक्रोशीतल्या मुलींच्या लग्नाच्या रजया त्यांच्या हातच्या. दुपारी ओक्ताय जेवून लवंडला होता आणि मी गच्चीत सावलीला हवा खात पडलो होतो. बाई आल्या, मला मांडीवर ओढलं. त्यांच्या हातात निळ्या डोळ्याचा दृष्टमणी होता, काचेचा, ठसठशीत, आणि मेण लावलेला रजईचा दोरा.

"ये रे काळ्या," त्या मला म्हणाल्या. "माझा एकुलता एक जीव तुझ्या हवाली आहे. तुझ्यावरही कुणाचा डोळा नको."

मणी शिवायला त्यांनी नेमकी उजवी मूठ निवडली. ओक्तायचा हात सगळ्यात जास्त तिकडेच जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. आणि ती मूठ त्यांना लोंबती वाटली. "हे काय मेलं लटकतंय? कुठे काटाकुट्यात अडकलं तर?" असं म्हणत त्यांनी मण्याबरोबर मूठही पक्की केली. सुई मुठीतून गेली, फडक्यातून गेली, खालच्या झाकणातून गेली आणि परत वर आली. रजईवाल्या बाईचा टाका, मित्रांनो. तो धुण्यात सुटत नाही, ओढून सुटत नाही, पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही.

मला कळत होतं. सुई कुठून कुठे जाते हे माझ्याशिवाय कुणाला कळणार? पण खरं सांगू, मला तो मणी आवडला. इतक्या सगळ्या काळ्याकरड्या हार्नेसमध्ये एकट्या माझ्या अंगावर निळा डोळा! मी मनातल्या मनात मान ताठ केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ओक्ताय उठला, मणी पाहून हसला. "आई, हे काय?"

"माशाल्ला म्हण आणि गप्प बस."

त्यानं नजर टाळणारं ते माशाल्ला म्हटलं, आईच्या गालाचा मुका घेतला आणि मला घेऊन वर गेला. उजवीकडचं फडकं काही त्यानं उचललं नाही. उचलायला गेला असता तर ते शिवलेलं आहे हे कळलं असतं. पण माथ्यावर त्यानं हात खाली नेला, मणी बोटांना लागला, आणि कसं कोण जाणे, त्याचं समाधान झालं. पुढच्या वेळीही तसंच. मणी चाचपायचा, माशाल्ला म्हणायचं, धावत सुटायचं. डाव्या बाजूचं फडकं तो अजून उचलायचा, पण उजवीकडे मण्यावरच भागायला लागलं. हिकमतनंही मणी पाहिला. "दागिने घालायला लागलास का रे आता?" एवढंच बोलून तो दुसऱ्या कामाला लागला. मोसमाची गर्दी होती.

मोसम सरता सरता ओक्तायनं गिरक्यांचा सराव काढला. असा सराव समुद्रावर करतात आणि खाली होडी ठेवतात. होडीत हिकमत होता. दोन गिरक्या छान झाल्या. तिसरीत पंखाची एक बाजू मिटली, दोऱ्यांना पीळ पडला आणि आम्ही गरगर फिरायला लागलो. पंख परत उघडेना. रेडिओवर हिकमतचा आवाज फुटत होता, "छत्री टाक! ओक्ताय, टाक छत्री!"

ओक्तायनं उजवी मूठ ओढली.

ती आली नाही. त्यानं परत ओढली, सगळा जोर लावून. रजईचा टाका जागचा हलला नाही. माझ्या कुशीत छत्री होती, घडी नीट होती, पिना बरोबर होत्या, आणि मी तिला घट्ट धरून बसलो होतो. समुद्र वर येत होता. त्यानं तिसऱ्यांदा ओढली, कारण मित्रांनो, घाबरलेला हात जी सवय असते तेच करतो. मग कुठे त्याला डावी आठवली. डाव्या हातानं मूठ उपटली, पिशवी फेकली, आणि छत्री पुरती फुलते न फुलते तोच आम्ही पाण्यावर आदळलो.

होडी आली. हिकमतनं आधी त्याला वर घेतलं, मग मला. ओक्तायचा खांदा निखळला होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण श्वास चालू होता. मला ओढताना उजवी बाजू होडीच्या काठावर आपटली आणि मणी तडकला. हिकमतनं उजवी मूठ पाहिली. फडकं वर करायला गेला, ते वर होईना. त्यानं चाकूचं टोक घालून पाहिलं आणि तो जागीच बसला.

"हे कुणी शिवलंय?"

ओक्तायनं डोळे मिटून घेतले. "आईनं."

"आणि तू पिना बघत नव्हतास?"

ओक्ताय त्याचा हात धरून म्हणाला, "दादा, तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ."

हिकमतनं सगळा दोरा कापला. मला गोड्या पाण्यात बुडवून खारेपणा काढला, दोन्ही छत्र्या उघडून वाळवल्या, परत घडी करून कप्प्यांत बसवल्या आणि मला पायलट लोकांच्या सामानघरात टांगलं. तडकलेला मणी त्यानं ओक्तायच्या खिशात कोंबला. "ठेव. लक्षात राहील."

इस्पितळातून ओक्ताय घरी आला तेव्हा पाहायला मी तिथे नव्हतो. पण पुढची गोष्ट, सगळं उघड झाल्यावर, हिकमतच्या तोंडून सामानघरात इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. आईनं कपडे धुवायला घेतले आणि खिशातून मणी निघाला. तडकलेला. आमच्याकडे मानतात, मणी तडकला म्हणजे त्यानं नजर स्वतःवर घेतली. सादेतबाई मणी छातीशी धरून रडायलाच लागल्या.

"बघ, बघ माझ्या सिंहा! ह्यानं घेतलं रे तुझ्यावरचं! ह्यानं वाचवलं तुला!"

आणि ओक्ताय म्हणाला, "हो आई. ह्यानंच वाचवलं."

समोर बसलेल्या हिकमतनं चहाचा पेला असा ठेवला की बशीत चहा सांडला. पण शपथ घातलेली, करतो काय?

मित्रांनो, त्या एका "हो"चा परिणाम पुढच्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांदेखत झाला. दुपारी सगळे पायलट जेवायला गेले होते. सामानघराला कुलूप कधीच नसायचं, आणि सादेतबाईंना तर कोण अडवणार? त्या दर दोन दिवसांनी पालक-चीज भरलेल्या पोळ्या घेऊन यायच्या. त्या दिवशी त्यांच्या टोपलीत पोळ्यांबरोबर मूठभर निळे मणी होते. आधी माझ्याकडे आल्या. "तू शहाण्यासारखा वागलास हो," म्हणत माझ्या उजव्या मुठीवर नवा मणी शिवला, आधीपेक्षा पक्का. मग शेजारच्यावर. मग त्याच्या शेजारच्यावर. टाका तोच. मुठीतून, फडक्यातून, झाकणातून. मी तिथे टांगलेला होतो आणि प्रत्येक टाका पाहत होतो. तुम्हाला काय सांगू माझं काय होत होतं!

इतक्यात पेलिन आली. पेलिन देनिझली शहरातली, शाळेत भूगोल शिकवणारी. उन्हाळाभर हिकमतकडे उडायला शिकत होती. तिच्या हार्नेसला एकच राखीव छत्री, एकच मूठ.

"मावशी, हे काय चाललंय?"

"नजरेचे मणी गं पोरी. माझा ओक्ताय ह्याच्यामुळे वाचला. तुझा कुठला?"

"तो निळा. मावशी, उद्या सकाळी मी पहिल्यांदा माथ्यावरून एकटी उडणार आहे!"

"मग तुला सगळ्यात मोठा लावते."

पेलिननं त्यांचा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला, तो कपाळाला लावला आणि बाजूला बसून टाके पाहू लागली. "किती सफाई आहे हो तुमच्या हाताला!"

तेवढ्यात दारात ओक्ताय आणि हिकमत उभे राहिले. ओक्तायचा हात झोळीत होता. त्यानं भिंतीवरचे सगळे निळे डोळे पाहिले आणि दाराची चौकट धरली. हिकमत त्याला बाहेर ओढून कुजबुजला, पण खिडकी माझ्या डोक्यावरच होती.

"हे बघ, त्या गेल्या की मी सगळे कापून टाकतो. कुणाला कळणार नाही."

"ती परत शिवेल, दादा."

"परत कापेन."

"आणि एखादा राहिला तर? उद्या ती पोर वर जाणार आहे." ओक्तायनं आत आईकडे पाहिलं. "मला वाटलं, आईला बरं वाटेल. एवढंच वाटलं होतं रे."

"मग आता काय करणार आहेस?"

ओक्ताय आत आला. त्यानं मला एका हातानं खुंटीवरून काढलं, हिकमतनं मला तुळईला टांगलं.

"आई, ह्याच्यात बस."

"मी? वेड लागलंय का? ह्या वयात मला उडवतोस?"

"बस गं. जमिनीपासून वीतभरच."

पेलिन हसत टाळ्या वाजवायला लागली. हिकमतनं बाईंच्या पायांचे पट्टे लावले, छातीचं बकल लावलं. सादेतबाई माझ्यात लटकल्या, पाय हवेत, आणि लहान मुलीसारख्या लाजल्या. त्यांचं वजन किती कमी होतं!

"आता उजवी मूठ ओढ, आई. मणी आहे ती."

त्यांनी ओढली. परत ओढली. मग दोन्ही हातांनी धरून, ओठ दाबून ओढली.

"येत नाही रे. माझ्या हातात जोर राहिला नाही बघ."

"जोराचं नाही, आई."

त्या थांबल्या. मुठीकडे पाहिलं. आपलाच टाका त्यांनी अंगठ्यानं चाचपला.

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशीही आली नाही. मी तीनदा ओढली. डावीनं वाचवलं मला. आणि डावीवर तू काही शिवलं नव्हतंस."

पेलिनचं हसू गेलं. तिनं आपल्या निळ्या हार्नेसकडे पाहिलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. सादेतबाई मात्र रडल्या नाहीत. लटकलेल्या तशाच, अगदी हळू आवाजात बोलल्या.

"तू मला हो म्हणालास."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. रडले असते. जेवले नसते चार दिवस. रडू द्यायचं होतंस मला! आज ह्या पोरीचा हात धरून तिला मरणाचा मणी बांधला मी. तिनं माझ्या हाताचा मुका घेतला, ओक्ताय!"

ओक्ताय गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तोंड त्यांच्या मांडीत लपवलं. "मीच पिना बघितल्या नाहीत, आई. तुझा मणी चाचपून उडत होतो. चूक माझी आहे."

"मी पण मणी पाहिला होता," हिकमत भिंतीकडे बघत म्हणाला. "थट्टा केली आणि पुढे गेलो."

सगळे आपापली चूक उचलत होते. माझी कुणी विचारलीच नाही.

"मला उतरवा," सादेतबाई म्हणाल्या. "आणि कात्री द्या. कुणी हात लावायचा नाही. मी शिवलंय, मीच उसवणार."

त्यांनी पहिल्यांदा पेलिनचा मणी काढला. दोऱ्याचा शेवटचा तुकडाही नखानं ओढून काढला. मग पेलिनला तिच्या हार्नेसमध्ये टांगून मूठ ओढायला लावली आणि पिशवी बाहेर आल्यावरच पुढच्याकडे गेल्या. एकेक करत भिंतीवरचे निळे डोळे संपले. शेवटी माझ्याकडे आल्या. माझा टाका उसवला आणि म्हणाल्या, "मला परत बसवा ह्यात."

"मावशी, आता कशाला? झालं ना," हिकमत म्हणाला.

"बसवा म्हणते ना."

त्या बसल्या. उजव्या हाताच्या बोटांनी मूठ धरली आणि ओढली. दोन बोटांचं काम होतं, मित्रांनो. पिना सुटल्या, झाकणं उघडली आणि छत्रीची पिशवी त्यांच्या मांडीत येऊन पडली. सादेतबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"एवढ्यानं?" त्यांनी विचारलं. "एवढ्यानंच निघतं हे?"

तेव्हा कुठे त्या रडल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून, किती तरी वेळ.

पेलिन उडाली, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी. सुखरूप उतरली. मी मात्र पुन्हा उडालो नाही. त्या दणक्यात माझ्या खांद्याच्या शिवणी ताणल्या गेल्या होत्या. हिकमतनं तपासून मला बाद केलं, आणि आता मी तुळईलाच टांगलेला असतो. नवे शिकणारे माझ्यात बसतात, मूठ ओढतात. सादेतबाई अजून पोळ्या घेऊन येतात, पण कुणाला पहिली पोळी द्यायच्या आधी विचारतात, "पिना बघितल्यास? डोळ्यांनी?" ओक्तायशी त्यांचं बोलणं सुरू झालं, पण मधेच त्या गप्प होतात. मग तोही गप्प होतो.

मित्रांनो, माझ्यासारखं काही तुमच्या हाती आलं, तर ते उघडून पाहा, ओढून पाहा, त्याच्यावर शोभेचं काही लावू नका. एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण ज्या माणसानं मायेपोटी चूक केली, त्याला ती सांगायला कधी उशीर करू नका. टाका पडताना मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो. तुम्हाला तोंड आहे.